आधी माणसं मोजा

पाण्यावर मला खूपदा अडवलंय. उकाईच्या फुगवट्यावर होडीतून जाणाऱ्या आमच्याकडच्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. लांबून मशीनची बोट येते, शिट्टी वाजते, हात होतो. नावाडी वल्हं थांबवतो. मग झडती सुरू. पोत्यात काय? कॅनमध्ये काय? मासे किती, कुणाच्या हद्दीतले? आधार कार्ड आहे का? पलीकडे कशाला चाललास? एवढं सगळं विचारतात. एक प्रश्न मात्र आजवर कुणी विचारला नाही, की बाबांनो, ही होडी किती माणसांची आणि तुम्ही बसलात किती?

माझं भांडण त्या शिट्टीशी नाही. शिट्टी वाजावी, रोज वाजावी. माझं भांडण आहे ते ती कशासाठी वाजते याच्याशी.

नवापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला आमचं रेल्वे स्टेशन आठवतं. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. बाकड्यावर पाहुण्यांचे फोटो काढून होतात आणि गाडी सुटते. पण ती हद्दीची रेघ स्टेशनावर संपत नाही. ती पुढे डोंगरात जाते, शेतात जाते आणि पाण्यातही जाते. पाण्यात तिला कुणी पिवळा रंग दिलेला नाही, त्यामुळे ती फक्त अडवणाऱ्याला दिसते. गुजरातेत १९६० पासून दारूबंदी. तेव्हा आमच्या बाजूने जाणारी प्रत्येक होडी आधी दारूची, मग माणसांची. आमच्या कॅनचा वास घेतला जातो. आता मोहाची दारू पलीकडे जातच नाही असं मी म्हणणार नाही. तेवढा खोटेपणा माझ्याच्याने व्हायचा नाही. पण एका होडीत दारूचे दोन कॅन असतील तर त्याच होडीत पंधरा जीवही असतात. कॅन सापडतात आणि जीव दिसत नाहीत, ही नजर कसली म्हणायची?

शहरातला वाचक इथे म्हणेल, की होडीत बसता कशाला? त्याला थोडं मागचं सांगितलं पाहिजे.

आम्ही पाण्याची माणसं नव्हे. कोकणातला कोळी जन्मतः पाण्याचा. वारा कुठून आला, भरती कधी, ओहोटी कधी, हे त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. आम्ही डोंगर-उताराची, भाताची, तुरीची, मोहाची माणसं. तापी आमच्या ओळखीची होती ती उन्हाळ्यात पायी उतरून जायची नदी म्हणून. पावसाळ्यात तिच्या वाटेला कुणी जायचं नाही, एवढं साधं शहाणपण पुरायचं. मग सोनगडच्या बाजूला उकाईचं धरण झालं. १९७२ साली ते पुरं झालं आणि पाणी मागे मागे सरकत आमच्यापर्यंत आलं. धरण भरलं की सहाशे चौरस किलोमीटरच्या घरात पाणी पसरतं. त्या पाण्याखाली गावं गेली, गावठाणं गेली, देवांच्या जागा गेल्या. तेव्हा आमचा जिल्हा धुळे होता. पुढे १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला, पलीकडे सुरतेतून २००७ साली तापी जिल्हा निघाला. जिल्ह्यांची नावं बदलली, पाटीवरचा रंग बदलला. पाणी तेवढं तिथंच राहिलं.

या पाण्याने आमच्या वाटा तोडल्या. कालपर्यंत जो सोयरा तासाभरात चालत येत होता, त्याच्या घरी जायला आता सडकेने वळसा घालून अर्धा दिवस लागतो. म्हणून होडी. बाजाराला होडी, लग्नाला होडी, मयतीला होडी, दवाखान्याला होडी. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवर पीक घ्यायला जायचं, तेही होडीनेच. तुमच्याकडे एसटी आहे तशी आमची होडी आहे. तिला थांबा नाही, तिकीट नाही, वेळापत्रक नाही, आणि ती कुणाच्या खात्यावर चढलेली नाही. आम्हाला सरकारने पाणी दिलं. पाण्यावरून जायचं कसं, ते आम्ही आमचं शिकलो. काही जणं शिकता शिकता गेली.

आता ही होडी कशी असते तेही सांगतो. बहुतेक मासेमारीची, लाकडी किंवा पत्र्याची, अलीकडे फायबरची. दोन माणसं आणि जाळं, एवढ्यासाठी बांधलेली. तिच्यात बाजाराच्या दिवशी बारा-पंधरा माणसं, चार पोती, दोन बकऱ्या आणि कधी एक मोटरसायकल. काठ पाण्यापासून वीतभर वर. कुणी एकाने तंबाखू थुंकायला मान वळवली तरी होडी कलते, आणि मग बाया एकदम गप्प होतात. बोलणं बंद होतं तेव्हा समजायचं की सगळ्यांना भीती वाटतेय.

खाली काय आहे, हेही ठाऊक हवं. धरण भरलं म्हणजे ३४५ फूट, हा आकडा आमच्याकडे पोरांनाही पाठ. पण मार्च-एप्रिलात पाणी उतरलं की जुन्या झाडांची खोडं पाण्याच्या अगदी खाली येऊन बसतात. वरून दिसत नाहीत. मशीनची होडी वेगात त्यावर गेली की तळ फाटतो. आणि मे महिन्यात वळवाचा वारा. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दुपारी चारला पाच मिनिटांत उकळायला लागतं. नदीत लाट नसते, पण पसरलेल्या धरणाच्या पाण्यात असते. आमच्या आज्याला हे माहीत नव्हतं, कारण आज्याच्या वेळी हे पाणीच नव्हतं.

आमच्या घाटावर एक नावाडी होता, सगळे त्याला मामा म्हणायचे. शाळा दुसरीपर्यंत, पण डोकं तल्लख. त्याने काय केलं, तर वीस लिटरचे रिकामे कॅन गोळा केले, झाकणं घट्ट लावून वरून रबर बांधलं आणि होडीच्या दोन्ही अंगांना तीन-तीन बांधून टाकले. मला म्हणाला, "भाऊ, होडी बुडली तरी पुरती बुडायची नाही. आणि एकेक कॅन एकेका माणसाला पुरतो, छातीशी धरून ठेवायचा." विज्ञान मी शिकवतो, म्हणून सांगतो, मामाचा हिशेब बरोबर होता. हवा भरलेला वीस लिटरचा बंद कॅन पाण्यात जवळजवळ वीस किलो भार उचलतो. पाण्यातल्या माणसाचं डोकं वर ठेवायला याच्या निम्माही जोर पुरतो.

एके दिवशी आम्हाला अडवलं. कुठल्या खात्याची, कुठल्या बाजूची माणसं होती ते सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण उद्या दुसरी आली असती तरी वेगळं काही झालं नसतं. होडीत आम्ही अकरा जणं. त्यातल्या साहेबाने कॅन पाहिले.

"ए, हे कॅन कशाला बांधलेत रे?"

"साहेब, होडी तरंगायला."

"होडी तरंगायला? मला शिकवतो काय? दारू बुडवून नेता तुम्ही लोक."

"रिकामे आहेत साहेब. वास घ्या."

वास घेतला. रिकामेच होते. तरी दोर कापले, सहाही कॅन आपल्या बोटीत टाकले आणि म्हणाले, "पुन्हा दिसले तर होडी जमा करीन." साठी ओलांडलेल्या माणसाला अरे-तुरे. मामा काही बोलला नाही. त्यांची बोट निघून गेली, तिच्या लाटांनी आमची होडी अशी हलली की एका बाईने पोर पदरात घट्ट बांधून घेतलं. त्या होडीवर जीव वाचवायचं जे एकमेव साधन होतं, ते तपासणीवाल्यांनी काढून नेलं. आणि जाताना अकरा माणसं मोजायची त्यांना आठवण झाली नाही. त्यांच्या अंगात मात्र नारिंगी जॅकेटं होती, पट्टे नीट लावलेली. म्हणजे पाणी धोक्याचं आहे हे त्यांना ठाऊक होतं. ते आम्हालाही लागू आहे, एवढंच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या प्रकारची तपासणीही आम्ही पाहिलीय. राज्यात कुठं तरी होडी उलटते, पेपरात फोटो येतात, टीव्हीवर रडणारी माणसं दिसतात. मग आठ दिवसांत आमच्या घाटावर गाडी येते. "होड्या बंद. आदेश आहे." किती दिवस? ते आदेशात नसतं. पर्याय काय? तेही नसतं. त्या आठ दिवसांत बाजार बुडतो, बाळंतपणाला अडलेली बाई सडकेच्या वळशाने नेताना जे व्हायचं ते होतं. नवव्या दिवशी होड्या पुन्हा सुरू, तितक्याच भरलेल्या. बंदी घालणाऱ्याने आपली फाईल वाचवली, माणसं जिथल्या तिथं. बंदी म्हणजे सुरक्षा नव्हे. बंदी म्हणजे जबाबदारी झटकायची सोपी रीत.

हे मी रागाच्या भरात लिहितोय असं वाटेल, म्हणून गेल्या काही वर्षांची नोंद समोर ठेवतो. आमच्याच जिल्ह्यात, धडगाव तालुक्यात भुषाजवळ, जानेवारी २०१९ च्या संक्रांतीला नर्मदेत बोट उलटली. सणाची गर्दी, पन्नास-साठ माणसं एका बोटीत. किमान सहा जणं गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून अकरा जणं बुडाली. घरातल्या एकाच्या दशक्रियेला आली होती, अकरांचं दुसरं सुतक लागलं. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव वैनगंगेत उलटली, सहा बाया बुडाल्या. त्याच महिन्यात वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट, बारा पोरं आणि दोन शिक्षिका. २१ मे २०२४ ला उजनीच्या फुगवट्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात सापडली. सातांतला एक पोहून काठाला लागला, सहा जणं गेली. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत एलिफंटाला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, पंधरा जणांचा जीव गेला. चौऱ्याऐंशी प्रवाशांची परवानगी असलेल्या त्या बोटीत शंभराहून जास्त माणसं होती.

नद्या वेगळ्या, जिल्हे वेगळे, निमित्तं वेगळी. बातम्या मात्र पुन्हा पुन्हा त्याच दोन ओळींवर येतात: माणसं जास्त होती, जॅकेटं नव्हती. या दोन्ही गोष्टी बोट काठावर असतानाच दिसतात. त्यासाठी यंत्र लागत नाही, इंजिनिअर लागत नाही. डोळे लागतात आणि बोटांवर मोजता यायला लागतं.

एक फरक तेवढा सांगतो. नीलकमलनंतर गेटवेवर प्रवाशांना जॅकेट घालणं सक्तीचं झालं. चांगलं झालं. पण भुषानंतर आमच्याकडे काय सक्तीचं झालं? गेटवेवरचा माणूस आणि घाटावरचा माणूस पाण्यात पडल्यावर सारखाच बुडतो.

आता आमच्याच लोकांशी दोन शब्द, कारण सगळा दोष बाहेर टाकून चालायचं नाही. गावात विषय काढला की पहिलं उत्तर तयार असतं: "इतकी वर्षं जातोय, काय झालंय का?" झालंय. ज्यांचं झालं ते इथं बसून बोलत नाहीत, म्हणून तुम्हाला ते ऐकू येत नाही. दुसरं उत्तर: "आपल्याला पोहता येतं." ओढ्यात पोहणं वेगळं आणि लाटा उठलेल्या धरणात, अंगावर लुगडं, काखेत पोर घेऊन पोहणं वेगळं. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात सुगावला प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला धुळ्याहून आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी गेली होती. तिचीच बोट उलटली आणि तीन जवान गेले. ती पाण्यासाठी तयार केलेली माणसं होती. आपण कोण लागून गेलो? तिसरं उत्तर: "जॅकेटने उकडतं." उकडतं, खरंय. आणि चौथं, जे कुणी तोंडाने बोलत नाही: दहाच्या जागी पाच बसवले तर नावाड्याचं पोट भरत नाही. हे चौथं कारण खरं आहे आणि त्याचं उत्तर दंडाने मिळणार नाही. पाच माणसांच्या फेरीत नावाड्याचं भागावं यासाठी पंचायतीने त्याला महिन्याला काही द्यावं लागेल. रस्त्यावर खडी टाकायला पैसा निघतो, तर पाण्याच्या रस्त्यालाही निघाला पाहिजे.

अधिकाऱ्यांची उत्तरंही मी ऐकलीत. "माणूसबळ नाही." दारूसाठी आहे. "आमची हद्द नाही." कॅन कापताना हद्द आठवली नव्हती. "कायदा नाही." कायदा भरपूर आहे. तरी-नावांसाठी मुंबई इलाख्यात १८६८ सालीच कायदा झाला होता, म्हणजे दीडशे वर्षांहून जुना. १९१७ चा जुना केंद्रीय कायदा बदलून २०२१ साली अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला. त्यात मशीन नसलेल्या साध्या नावांसाठीही वेगळं प्रकरण आहे, त्यांची नोंद गाव-तालुका पातळीवर व्हावी असा विचार आहे. कागदावर आमची होडी आहे. पाण्यावर तिला विचारणारं कुणी नाही.

मग अडवायचं कसं? त्याचीही रीत जगात आहे. अमेरिकेत तटरक्षक दलाची माणसं कुठलीही बोट थांबवून जॅकेटं मोजतात, माणसामागे एक नसलं तर दंड करतात. तिथल्या अपघातांच्या नोंदी दरवर्षी तेच सांगतात, की बुडून मेलेल्या दहांपैकी आठांहून जास्त जणांच्या अंगात जॅकेट नव्हतं. पण तिथे आणखी एक पद्धत आहे, ती मला जास्त आवडते. स्वयंसेवक फुकट बोट तपासून देतात. कमी असेल ते सांगतात, दंड नाही, तक्रार नाही. सगळं नीट असलं तर बोटीवर एक चिकटपट्टी लावतात. तपासणीला येणारा माणूस आपल्या बाजूचा आहे असं बोटवाल्याला वाटतं, म्हणून तो स्वतःहून बोलावतो. आमच्याकडे मशीनची बोट दिसली की नावाडी होडी झाडोऱ्यात घालतो. त्या घाईत माणसं बुडाली तर पाप कुणाचं?

इंग्लंडात सॅम्युएल प्लिमसोल नावाचा एक खासदार होता. मालक जहाजं वाटेल तेवढी भरायचे, ती बुडायची, खलाशी मरायचे. हा गृहस्थ संसदेत भांडला, आणि १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या अंगावर एक रेघ काढणं भाग पडलं. रेघ पाण्याखाली गेली की भार जास्त झाला, समजायला शाळा लागत नाही. मी म्हणतो, आमच्या प्रत्येक होडीवर चार बोटं रुंद पांढरा पट्टा मारा. डब्यातला उरलेला ऑइलपेंट पुरेल. पट्टा भिजला की एक माणूस खाली. मग नावाड्याला कुणाशी वाद घालावा लागणार नाही, तो फक्त बोट दाखवेल.

जॅकेटं प्रत्येकाने विकत घ्यावीत असं मी म्हणत नाही. ती घाटावर ठेवा, चढताना घाला, उतरताना काढून द्या. एका जॅकेटची किंमत एका बऱ्या जाळ्याहून कमी आहे. नवापूर पेसाचं क्षेत्र आहे, ग्रामपंचायतीला पाच टक्के अबंध निधी येतो. त्यातून कमानी उभ्या राहतात, बाकडी येतात, बाकड्यांवर दात्यांची नावं येतात. त्याच निधीतून ग्रामसभेने वीस जॅकेटं घेतली तर कुणी अडवणार नाही. लहान पोरांची लहान मापाची घ्या, मोठ्यांच्या जॅकेटातून पोर खाली निसटतं. आणि जोवर ती येत नाहीत तोवर मामाचे कॅन बांधा. वळवाच्या दिवसांत दुपारी तीननंतर होडी सोडायची नाही, हा ठरावही ग्रामसभेचाच असू दे. साहेबाचा आदेश आठ दिवस टिकतो, गावाने घातलेला नेम टिकतो. मोहाची फुलं कधी वेचायची, कुठल्या झाडाला हात लावायचा नाही, हे नेम आम्ही पाळतोच की. पाणी नवं आहे म्हणून त्याचे नेम नाहीत, एवढंच. ते आता आम्हीच घालायला हवेत.

आणि मशीनच्या बोटीतल्या साहेबांनो, तुम्ही याच. दारू शोधा, मासे बघा, तुमचं काम आहे. पण पोत्यात हात घालायच्या आधी माणसं मोजा. पट्टा भिजलाय का बघा. जास्त भरली असेल तर चार जणांना तुमच्या बोटीत घेऊन काठावर सोडा, तुमच्याकडे मशीन आहे. नावाड्याला अहो-जाहो करा. ज्याच्या हातात पंधरा जीव असतात तो साधा माणूस नसतो. कुणाच्या कॅनचे दोर कापू नका. कॅन भरलेला असेल तर तुमचा, रिकामा असेल तर तो आमचा जीव आहे.